आपल्या शरीरांतील बंध

मनुष्यशरीराचें वर्णन करावयास सांगितलें असतां बहुतेक विद्यार्थी हाडें, स्नायु, हृदय, फुप्फुसें व मेंदु यांचीं नांवें घेतात. परंतु ह्या सर्वांस एकमेकांशीं जोडून आपापल्या जागीं धरून ठेवणारा जो पदार्थ आहे, त्याचें नांव क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. शास्त्रज्ञ त्याला संयोजी ऊतक म्हणतात. आणि त्याचे जे पापुद्रे स्नायूंभोंवतीं व इतर अवयवांभोंवतीं गुंडाळलेले असतात, त्यांस फॅशिया असें नांव आहे. ह्या उपेक्षित पदार्थाची थोडीशी ओळख करून देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

संत्रें सोलून पाहावें. प्रत्येक फोडीवर एक पातळ पापुद्रा असतो, व फोडीच्या आंत रसाचा प्रत्येक कणही आपल्या स्वतंत्र पिशवींत असतो. आपल्या स्नायूंची रचना कांहींशी अशीच आहे. स्नायूच्या प्रत्येक तंतूवर एक आवरण, तंतूंच्या जुडग्यावर दुसरें, आणि सबंध स्नायूवर तिसरें. मांसाच्या तुकड्यावर जो पांढुरका, अर्धपारदर्शक पापुद्रा दिसतो, तोच हा. पुढें हींच आवरणें एकत्र येऊन कंडरा बनते व ती स्नायूस हाडाशीं जखडते.

शरीराचा विचार अवयवांप्रमाणें न करितां ऊतकांप्रमाणें करण्याचा पायंडा फ्रान्समधील झाव्हिए बिशा ह्या वैद्यानें पाडिला. १८०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें शरीर २१ प्रकारच्या ऊतकांचें बनलें आहे असें प्रतिपादन केलें, आणि तेंही सूक्ष्मदर्शक यंत्राची मदत न घेतां. दुर्दैवानें १८०२ सालीं, वयाच्या अवघ्या ३० व्या वर्षीं, तो मृत्यु पावला. त्याच्यानंतरही शवविच्छेदन करणारे विद्यार्थी पुष्कळ काळ फॅशिया म्हणजे केवळ वेष्टण समजून कापून टाकीत व आंतील स्नायु पाहात. अलीकडे ही दृष्टि पालटली आहे. २००७ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांत केवळ फॅशियाच्या संशोधनास वाहिलेली पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. फॅशियाच्या थरांमध्यें हायलुरोनन नांवाचा बुळबुळीत पदार्थ असतो व त्यामुळें ते थर एकमेकांवरून सहज घसरतात, तसेंच फॅशियांत संवेदना वाहणारे मज्जातंतु असतात, ह्या गोष्टी संशोधकांनीं दाखवून दिल्या आहेत. अर्थात् हें वेष्टण निर्जीव नव्हे.

ह्या ऊतकाचें बळ कोलॅजन नांवाच्या प्रथिनांत आहे. आपल्या शरीरांतील एकूण प्रथिनांपैकीं सुमारें एक तृतीयांश कोलॅजनच असतें. त्याच्या नांवाचा मूळ ग्रीक अर्थ ‘सरस उत्पन्न करणारें’ असा आहे. आणि तें यथार्थ आहे, कारण सुतार लांकूड जोडण्यास जो सरस वापरतो, तो जनावरांचीं कातडीं व हाडें उकळूनच करीत आले आहेत. बकऱ्याच्या पायांचा रस्सा थंड झाल्यावर थिजतो, तोही ह्याच कारणानें.

कोलॅजनची सूक्ष्म रचना उकलण्याच्या कामीं आपल्या देशानें मोठा वांटा उचलिला आहे, हें आमच्या वाचकांस वाचून आनंद होईल. मद्रास विद्यापीठांतील प्राध्यापक गो. ना. रामचंद्रन् व त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें अभ्यास करून १९५४-५५ सालीं असें दाखविलें कीं, कोलॅजनचा कण तीन साखळ्यांचा असून त्या दोरखंडाच्या पेडांप्रमाणें एकमेकींत पिळलेल्या असतात. एकेरी सूत सहज तुटतें, पण तीन पेडांची दोरी ओझें पेलते, हें प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलास ठाऊकच आहे.

हे धागे एकदां विणले कीं काम संपलें असें मात्र नाहीं. शरीर जुने धागे मोडून नवे विणीत असतें, आणि त्यासाठीं त्याला ‘क’ जीवनसत्त्व लागतें. तें न मिळाल्यास काय होतें, ह्याचा दाखला इतिहासांत आहे. इंग्रज नौसेनापति अॅन्सन हा १७४० ते १७४४ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणेस गेला असतां त्याचे शेंकडों खलाशी स्कर्व्ही रोगास बळी पडले. त्यांतील एका वृद्ध खलाशास ५० वर्षांपूर्वीं लढाईंत झालेल्या जखमा, ज्या केव्हांच भरून आल्या होत्या, त्या पुन्हां उघडल्या! पुढें १७४७ सालीं जेम्स लिंड ह्या वैद्यानें ‘सॉल्सबरी’ जहाजावर अशा १२ रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निरनिराळा उपाय दिला. ज्यांस संत्रीं व लिंबू मिळालें, ते सर्वांत लवकर सुधारले. इतकें स्पष्ट दिसूनही इंग्रजी आरमारांत लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडावें लागलें. लिंबू, पेरू व आंवळा यांस आपल्या घरीं तोटा नसावा, ही पालकांस विनंति.

आतां एक गोष्ट सर्वांनीं, विशेषतः पालकांनीं, ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. हाताच्या व पायाच्या स्नायूंभोंवतींचा खोल फॅशिया फारच थोडा ताणला जातो. खेळतांना मुलाचें हाड मोडलें व आंत रक्तस्राव होऊन सूज आली, तर ती सूज बाहेर पसरूं शकत नाहीं. आंतला दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडतो. त्यांतच वर कांब्या लावून घट्ट पट्टी आवळली असेल तर संकट दुप्पट होतें. जर्मन शस्त्रवैद्य रिखार्ड फोन फोल्कमान यानें १८८१ सालीं अशा मुलांचें वर्णन केलें आहे, ज्यांचीं बोटें घट्ट पट्ट्यांमुळें कायमचीं वांकडीं झालीं. म्हणून हाड मोडलेल्या मुलाच्या वेदना कमी होण्याऐवजीं वाढत गेल्या, बोटें सरळ करतांना तें किंचाळूं लागलें, किंवा बोटांस मुंग्या येऊन तीं बधिर झालीं, तर ‘मूल हट्टी आहे’ असें म्हणून स्वस्थ बसूं नये. पट्टी ताबडतोब सैल करवून त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. तेथें शस्त्रवैद्य फॅशिया चिरून दाब मोकळा करितात व हात वांचतो. परंतु कांहीं तासांचा विलंब झाला, तर मेलेले स्नायु पुन्हां जिवंत होत नाहींत. मुलांनींही आपलें दुखणें धीटपणाच्या नांवाखालीं लपवूं नये.

पौलानें कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रांत सांधे व बंधनें यांनीं जोडलेल्या शरीराचा दृष्टांत मंडळीसाठीं योजिला आहे. शाळा, घर व गांव हींही अशींच शरीरें होत. त्यांतील डोळे व हात होण्याची हांव सर्वांस असते. पण कोणाच्या नजरेस न येतां सर्वांस जोडून ठेवणारीं माणसेंही तितकींच आवश्यक आहेत. अशांची योग्यता ओळखावी, आणि प्रसंगीं आपणही तें काम आनंदानें पत्करावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.