घटक ४ : आदान शब्दाचा अर्थ आणि वापर – 'पापलेट'

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• एका आदान शब्दाची व्युत्पत्ती टप्प्याटप्प्याने सांगता येईल.
• मराठीने तो शब्द ध्वनी, लिंग व विभक्ती यांच्या दृष्टीने कसा आत्मसात केला, हे स्पष्ट करता येईल.
• आदान शब्द आणि 'अशुद्ध' शब्द यांतील फरक ओळखता येईल.

४.२ प्रास्ताविक

संपर्कसत्रांत एक अनुभव वारंवार येतो. वेसावे, मढ, गोराई यांसारख्या कोळीवाड्यांतून आलेले विद्यार्थी बोलताना सहज 'पापलेट' म्हणतात. लिहिताना मात्र तो शब्द खोडून 'पॉम्फ्रेट' करतात. 'पापलेट' हा इंग्रजी शब्दाचा बिघडलेला उच्चार आहे, असा समज यामागे असतो. तो कितपत खरा आहे, हे प्रस्तुत घटकात तपासावयाचे आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ व्युत्पत्ती

या शब्दाचे मूळ इटलीच्या भूमीत, लॅटिन भाषेत सापडते. लॅटिनमध्ये 'पांपिनुस' म्हणजे द्राक्षवेलीचे पान किंवा कोवळा फुटवा. आजच्या इटालियनमध्ये त्याच अर्थी 'पांपिनो' हा शब्द आहे. पोर्तुगीजमध्ये तो 'पांपानो' झाला आणि पानासारख्या रुंद, चपट्या माशालाही लावला गेला. रूपसादृश्यावरून झालेले हे लाक्षणिक अर्थांतर होय. स्पॅनिशमधील याच शब्दावरून अमेरिकेत 'पॉम्पानो' हे नाव रूढ झाले. मात्र तेथील मासा वेगळ्या कुळातला आहे. नाव एक आणि वस्तू दोन, अशी स्थिती शब्दांच्या प्रवासात पुष्कळदा आढळते.

हा शब्द आपल्या किनाऱ्यावर कसा आला असेल, हे समजण्यासाठी स्थानिक इतिहास पाहावा. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे साष्टी बेटाचा भाग होत. १५३४च्या वसई तहानंतर हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला. या दोन शतकांच्या संपर्काच्या खुणा पाव, चावी, घमेले, पगार या शब्दांत आजही आहेत.

इंग्रजांच्या नोंदीही उद्बोधक आहेत. अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दीने १७२७च्या आपल्या प्रवासग्रंथात बालेश्वरजवळच्या किनाऱ्यावरील या माशाला 'पांप्ली' म्हटले आहे. 'पांफ्लेट' असेही एक जुने इंग्रजी रूप आढळते. दोन्हींत 'ल' आहे. 'र' असलेले 'पॉम्फ्रेट' नंतर स्थिरावले. मराठी 'पापलेट'मध्येही 'ल' आहे. म्हणून त्याचे नाते आजच्या 'पॉम्फ्रेट'पेक्षा त्या जुन्या रूपांशी जोडणे अधिक युक्त ठरते. ज्याला आपण बिघाड समजतो, तेथे जुना ध्वनी टिकून आहे.

४.३.२ ध्वनी आणि व्याकरण

'पांप' या भागातील अनुनासिक लोपून 'पाप' झाले. मराठीला ही प्रक्रिया नवी नाही. दन्त – दात, पञ्च – पाच, कण्टक – काटा या तद्भव शब्दांतही अघोष स्पर्शापूर्वीचे अनुनासिक गेले असून आधीचा स्वर दीर्घ आहे. परका शब्दही मराठीच्या ओळखीच्या वळणाने गेला, असे येथे दिसते.

व्याकरणातही शब्द पूर्ण रुळला आहे. 'ते पापलेट' असे त्याला नपुंसकलिंग मिळाले. 'पापलेटाचे कालवण', 'पापलेटांचा भाव' अशी सामान्यरूपे होतात. सामान्यरूप होणे ही शब्द आत्मसात झाल्याची एक महत्त्वाची खूण आहे.

४.३.३ अर्थ आणि वापर

या माशाचे शास्त्रीय नाव 'पांपस अर्जेंटियस' असे आहे. 'अर्जेंटियस' म्हणजे चंदेरी. हे जातिनाम १७८८मध्ये दिले गेले. 'पांपस' हे प्रजातिनाम १८३४मध्ये शार्ल ल्यूसियँ बोनापार्त याने इटलीच्या प्राणिसृष्टीवरील आपल्या ग्रंथातून रूढ केले. बाजारात हलव्याला 'काळे पापलेट' म्हणतात. तथापि तो निराळ्या कुळातला मासा आहे. हा अर्थविस्तार होय.

किनाऱ्यावरील बोलींत याच माशासाठी 'सरंगा' हा शब्द आहे. आदान शब्द आल्याने तो नष्ट झाला नाही, पण शहरी बाजारात, उपाहारगृहात आणि पाठ्यपुस्तकात मागे पडला. सप्टेंबर २०२३मध्ये 'सिल्व्हर पापलेट' हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला, तेव्हाही मान आदान शब्दालाच मिळाला. यात 'पापलेट'चा दोष नाही. परंतु 'सरंगा' वापरणाऱ्या घरातील मुलाने तो शब्द चारचौघांत उच्चारण्यास संकोचावे, ही भाषेची हानी आहे. एका शब्दाची प्रतिष्ठा वाढली, म्हणून दुसरा अशुद्ध ठरत नाही.

४.४ सारांश

'पापलेट' हा लॅटिन मुळाचा, पोर्तुगीज संपर्कातून आलेला आणि मराठीच्या ध्वनिनियमांशी जुळलेला आदान शब्द आहे. उत्तरपत्रिकेत तो खोडण्याचे कारण नाही. 'सरंगा' खोडण्याचे तर मुळीच नाही.

४.५ स्वाध्याय

१. 'पापलेट' शब्दातील अनुनासिकलोप तद्भव शब्दांच्या आधारे स्पष्ट करा.
२. अर्थविस्तार म्हणजे काय, ते 'काळे पापलेट' या उदाहरणाने सांगा.
३. क्षेत्रीय कार्य : जवळच्या मासळीबाजारातील विक्रेत्या मावशींना विचारून 'सरंगा', 'पापलेट' आणि 'हलवा' ही नावे त्या कोणत्या माशाला व कोणत्या आकाराला वापरतात, याची नोंद करा. शब्द ऐकू येईल तसाच लिहा, सुधारू नका.