लेकरू येणार आहे, तारीख माहीत नाही

लातूरकरांना याद्यांचं वेड. बारावीची यादी, नीटची यादी, प्रवेशाची दुसरी फेरी, तिसरी फेरी. माझा मुलगा आणि सून अमेरिकेत असतात, ते भारतातलं लेकरू दत्तक घेताहेत आणि यादीत नाव लागलंय, असं गंजगोलाईत भाजी घेताना मी एका ओळखीच्या बाईंना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "कितवा नंबर? मागच्या वर्षी कुठवर आला होता?"

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. सासर लातूर, माहेर नांदेड. वाट बघणारे खरे ते दोघं. मी त्यांची आई, म्हणजे बाजूला बसून वाट बघणारी. बाजूला बसलं की जरा जास्त दिसतं. आपल्याकडे आता घराघरातलं एखादं पोरगं परदेशात आहे, कुणाला उपयोग झाला तर होईल, म्हणून हे मांडून ठेवते.

1. "ओळखीतलं बाळ" हा विषय पहिल्याच दिवशी बंद करा.

बातमी फुटली त्याच आठवड्यात भावाच्या ओळखीतल्या एकाचा फोन आला. "ताई, एवढ्या भानगडी कशाला? एका दवाखान्यात सोय होते. जन्मदाखल्यावर सरळ तुमच्या सुनेचंच नाव लागतं." माणूस वाईट नव्हता. मदतच करतोय असं त्याला वाटत होतं. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे ठरलेली रीत टाळून लेकरू देणं-घेणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. विक्री-खरेदी असेल तर पाच. पण कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी प्रश्न उरतोच. अशा लेकराची आई कोण, तिनं राजीखुशीनं दिलं का, हे पुढं कुणालाच सांगता येत नाही. लेकरालाही नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या होत्या. जिथं मुलगी जन्माला येऊ देत नाहीत तिथं जन्मलेली मुलगी किरकोळ रकमेला हातोहात जाणं अवघड नाही. असे फोन मी त्या नजरेनं ऐकते.

2. "भावकीतलंच घ्या" म्हणणाऱ्यांना चहा द्या, शब्द देऊ नका.

दत्तक म्हटलं की आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वारस येतो. त्यात त्यांची चूक नाही. बडोद्याचे सयाजीराव 1875 साली नाशिककडच्या कवळाण्याहून गादीवर गेले, कोल्हापूरचे शाहू महाराज 1884 साली कागलच्या घाटग्यांकडून आले. आपण शाळेत शिकलो ती दत्तकाची गोष्ट गादीची होती. मुलगी दत्तक घ्यायला हिंदू कायद्यानं परवानगी दिली ती 1956 साली. माझे चुलत दीर म्हणाले, "वहिनी, आमचा धाकटा नातू न्या की. रक्ताचा आहे, अमेरिकेत शिकेल." त्या नातवाची आई आत स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं ते मला ऐकू आलं. सांगायचा मुद्दा, ज्या लेकराला आई-बाप आहेत त्याला घर शोधण्याची गरज नसते. नात्यातलं दत्तकही कायद्यात बसतं, त्याची वेगळी प्रक्रिया आहे, पण कुणाचं भलं करायला म्हणून ते करू नये.

3. यादी एक नाही.

सगळा कारभार केंद्र सरकारच्या कारा या संस्थेच्या संकेतस्थळावरून चालतो. देशात नाव नोंदवून थांबलेली जोडपी तीस हजारांच्या वर आणि दत्तक द्यायला कायद्यानं मोकळी झालेली लेकरं जेमतेम दोन-अडीच हजार, असा गेल्या काही वर्षांचा हिशोब. त्या लेकरांतही बरीचशी मोठी किंवा आजारपण असलेली. लहान, धडधाकट बाळ हवं असेल तर तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या परदेशस्थांना इथल्या लोकांच्या बरोबरीनं धरतात. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, आमच्या दोघांसारखं, त्यांचा क्रम नंतर: लेकरू मोकळं झाल्यावर 60 दिवसांत त्याला भारतीय घर मिळालं नाही, तर मग परदेशाचं दार उघडतं. पाच वर्षांवरची लेकरं, जोडीनं असलेली भावंडं आणि काही शारीरिक-मानसिक अडचण असलेली लेकरं यांना त्या दारातून आधी जाता येतं.

हे कळल्यावर सुनेनं फॉर्मवरचा "आरोग्य" हा रकाना पुन्हा उघडला. ती आणि मुलगा रात्रभर बोलले असणार. मला दुसऱ्या दिवशी फक्त निर्णय कळला.

4. कुठली वाट लेकरासाठी आहे आणि कुठली फाईलसाठी, हे वेगळं करा.

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

सकाळी पेपर आला की मी आधी आतल्या पानावरच्या छोट्या जाहिराती बघते. बोटाएवढा फोटो असतो. चादरीवर निजवलेलं बाळ, मुठी आवळलेल्या, कपाळावर काजळाची तीट. खाली मजकूर की अमुक दिवशी अमुक ठिकाणी हे बालक सापडलं, पालकांनी बाल कल्याण समितीशी संपर्क साधावा, अन्यथा पुनर्वसनाची कार्यवाही होईल. तीट कुणी लावली असेल? शिशुगृहातल्या मावशीनं, दुसरं कोण. वाट बघणाऱ्या घरात हा फोटो बघितला की मनात नको तो विचार येतोच, की कुणी न्यायला येऊ नये. येऊ द्या. पण तो विचार नीट बघून घ्या. या जाहिरातीची मुदत आपल्यासाठी नाही. ती त्या बाईसाठी आहे, जी कदाचित अजून बसस्टँडवर उभी आहे.

आईनं स्वतः समितीसमोर जाऊन लेकरू सोपवलं तर तिला फेरविचाराला 60 दिवस देतात. सापडलेलं बाळ दोन वर्षांखालचं असेल तर दोन महिन्यांत, दोन वर्षांवरचं असेल तर चार महिन्यांत ते मोकळं झाल्याचं जाहीर करायचं असतं. तेवढ्यात आई-बापांचा शोध. हे दिवस कमी व्हावेत असं मी कधीही म्हणणार नाही.

कारण 1993 मी पाहिलंय. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी औसा तालुक्यातच शिकवत होते. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी "अनाथ" हा शब्द होता. पण थोडं थांबलं की कुणाची आजी निघायची, कुणाचा मामा सोलापूरहून यायचा. शांतीलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली. ती तिथं शिकली, पण किल्लारीची, सास्तूरचीच राहिली. आई-बाप गेलेलं लेकरू आणि कुणाचंच नसलेलं लेकरू यांतला फरक घाई केली तर दिसत नाही.

आता दुसरी वाट. पोलीस दाखल्यावर शिक्का पुसट आला म्हणून परत. सहीचा साहेब रजेवर. कागद एका टेबलावरून पलीकडच्या टेबलावर जायला पंधरवडा. बोटांच्या ठशांनाही मुदत असते, ती संपली की पुन्हा ठसे. ही वाट कुणाच्याही भल्याची नाही. तिच्यावर खुशाल चिडावं, फोन करावेत, ईमेलवर ईमेल पाठवावेत. 2022 च्या सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. वेळ वाचावा हाच हेतू होता, कुठं वाचला, कुठं नाही. माझा मुलगा आधी सगळ्याच उशिरावर सारखा संतापायचा. आता विचारतो, "आई, हा उशीर कुठल्या खात्यातला?"

5. पैशांचं एका वाक्यात सांगा.

परदेशातल्या जोडप्यानं संस्थेला द्यायची रक्कम सरकारनं ठरवलेली आहे, 5,000 डॉलर, पावतीसह. तिकडच्या संस्थेचा आणि वकिलाचा खर्च वेगळा. याउपर "कितीला पडलं?" असं कुणी विचारलं तर मी ऐकू आलं नाही असं दाखवते. वयाचा तेवढा फायदा.

6. आजी-आजोबांनो, तुमचाही पेपर आहे.

घराचा अभ्यास करणारी समाजसेविका फक्त पगार आणि खोल्या बघत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांचं दत्तकाबद्दल काय मत आहे, हेही तिच्या अहवालात येतं. आमच्या समाजसेविकेनं व्हिडिओ कॉलवर माझ्याशी बोलायचं ठरवलं. मी इस्त्रीची साडी नेसून बसले. तिनं विचारलं, "तुमच्या गावात या लेकराला कुणी टाकून बोललं तर तुम्ही काय कराल?" मी म्हणाले, बत्तीस वर्षं पोरांना गप्प बसवलंय, मोठ्यांना बसवणं सोपं असतं. सून दुभाषी होती, तिनं हसू दाबलं. पण रात्री अंथरुणावर त्या प्रश्नाचं खरं उत्तर शोधत बसले. माझ्याच जावेनं हळदीकुंकवात विचारलं होतं, "जात कळते का हो?" तेव्हा मी विषय बदलला होता. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगितलं, कळत नाही, विचारणार नाही, आणि तूही यापुढं विचारायचं नाही. ती आठवडाभर बोलली नाही. मग शेंगदाण्याची चटणी घेऊन आली.

7. 96 तास हा फार थोडा वेळ आहे. तयारी आधीच ठेवा.

लेकराची माहिती आली की देशातल्या पालकांना होकार द्यायला 48 तास, परदेशातल्यांना 96. सोबत वैद्यकीय अहवाल आणि लेकराच्या वाढीचा अहवाल. आमच्या नातीला जन्मतः ओठ दुभंगलेला होता, शस्त्रक्रिया झाली आहे, टाळूची एक राहिली आहे. लातूरला अशा शस्त्रक्रिया होताना मी पाहिल्यात, म्हणून मी घाबरले नाही. मुलगा घाबरला होता. त्यांनी आधीच एक बालरोगतज्ज्ञ ठरवून ठेवले होते, त्यांनी अहवाल वाचून स्वच्छ सांगितलं की काय होईल, काय होणार नाही, आणि काय आत्ता सांगता येत नाही. हे तिसरं सांगणारा डॉक्टर धरावा.

फोटो मला पाठवलेला नाही. मुलानं तो छापून कॅमेऱ्यासमोर धरला, मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. कायद्यानं अशा लेकराची ओळख उघड करता येत नाही, आणि माझ्या फोनवर माहेरचा एक, सासरचा एक आणि निवृत्त शिक्षकांचा एक असे ग्रुप आहेत, तेव्हा त्यानं केलं ते बरोबरच. राज्य, गाव, संस्था इथंही लिहीत नाही. एवढं सांगते की फोटोत ती हसत नाहीये आणि तिच्या फ्रॉकची एक बाही दुमडलेली आहे.

8. "परदेशात नेतात आणि काय करतात देव जाणे" ही भीती हसण्यावारी नेऊ नका.

ती उगीच आलेली नाही. 1982 साली लक्ष्मीकांत पांडे या वकिलानं सर्वोच्च न्यायालयाला याच गोष्टीवर पत्र लिहिलं, आणि 1984 साली न्यायमूर्ती भगवतींनी दिलेल्या निकालातून परदेशी दत्तकाला पहिल्यांदा नियम आले. 2003 साली भारत हेग करारात गेला. तरीही गैरप्रकार झाले. पुण्यातल्या एका संस्थेचं प्रकरण सीबीआयपर्यंत पोचलं होतं. आता लेकरू गेल्यावर दोन वर्षं अहवाल येतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. माझे मोठे दीर हे सगळं ऐकूनही मान हलवत राहिले. मग त्यांच्याच नातवानं त्यांना लिसा स्थळेकर दाखवली. पुण्यात 1979 साली जन्मलेली, ससूनच्या आवारातल्या श्रीवत्समधून दत्तक गेलेली, पुढं ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार. दीर क्रिकेटवेडे. "ऑफस्पिन टाकायची की ही!" एवढंच बोलले. पण त्यानंतर तो विषय त्यांनी काढलेला नाही.

9. बारशाची घाई नको.

तिला नाव आहे. शिशुगृहात त्याच नावानं हाक मारल्यावर ती वळते. आमच्याकडे आत्यानं कानात नाव सांगायचं असतं, आत्या तयारही आहे. तिला म्हटलं, तेच नाव सांग.

10. दर महिन्याला "कुठवर आलं?" विचारणाऱ्यांसाठी.

कारा आणि अमेरिका दोघांचीही संमती मिळाली आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश व्हायचाय. मग जन्मदाखला, पासपोर्ट, हेग कराराचं प्रमाणपत्र आणि दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीतून व्हिसा. सगळ्यांना वाटतं की ती आधी लातूरला येईल, पेढे वाटू, सिद्धेश्वराला नेऊ. नेणार नाही. तिनं एकाच महिन्यात घर, भाषा, माणसं, हवा सगळं बदलायचं आहे. त्यात पन्नास माणसांचं ओवाळणं कशाला? ओळख झाली, लळा लागला, की पुढच्या दिवाळीला येतील.

मी मात्र दिल्लीला जाणार आहे. सुनेनं बोलावलंय, तेही एकटीला. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस सरळ दिल्लीला जाते, भाऊ स्टेशनजवळच राहतो. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, आणि आमच्याकडे तारीख नाही. भाऊ म्हणाला, "आक्का, तू बॅग भर. तत्काळमधून काढतो, नाहीतर वेटिंगवर."

मी म्हटलं, वेटिंगचंच काढ.