फुलबाजारातला उजेड

प्रश्न : दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला फोटो काढतो. माणसं हललेली येतात, दिवे पांढरेफटक. ट्रायपॉड घ्यावा का?

उत्तर : ट्रायपॉड घरीच ठेवा. त्या गर्दीत तो हमालांच्या पायांत येईल आणि तुम्ही शिव्या खाल. शिवाय त्याने कॅमेरा स्थिर राहतो, माणूस नाही. चालणाऱ्यासाठी शटर १/१२५ सेकंदापेक्षा संथ नको. डोक्यावर पाटी घेऊन धावणाऱ्यासाठी १/२५०. अ‍ॅपर्चर एफ/१.८ किंवा २, आयएसओ ३२०० ते ६४००. फोटोत दाणे दिसतील, दिसू द्या. दाणे खपून जातात, हललेला चेहरा नाही.

दिवे फटफटतात, कारण भोवतीचा काळोख पाहून कॅमेरा सगळंच उजळायला जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एक ठेवा, रॉमध्ये टिपा.

खरी मेहनत जागा हेरण्यात आहे. झेंडूच्या ढिगावर टांगलेला बल्ब शोधा, फोकस तिथे धरा आणि थांबा. गिऱ्हाईक भाव करायला वाकलं, की फुलांवरून परतलेला पिवळा उजेड खालून त्याच्या चेहऱ्यावर चढतो. फ्लॅश मारलात तर तो गेलाच!

फुलवाल्याला आधी विचारा. तेही बोहनी झाल्यावर.