पन्हाळा : एका डोंगरी गांवाची वस्ती

आपल्या वडगांवाच्या पश्चिमेस पन्हाळगड आहे. तेथील लढाया विद्यार्थ्यांस पाठ असतात. परंतु त्या गडावर माणसें कां राहिलीं आणि कां उतरलीं, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. त्याचा येथें थोडा विचार करूं.

डोंगरमाथ्यावर गांव टिकण्यास तीन गोष्टी लागतात : पाणी, धान्य आणि राहण्याचें कारण. शिलाहार राजा दुसरा भोज ह्यानें बाराव्या शतकांत हा गड बांधविला. गडावर सोमेश्वर तलाव आहे; शत्रूनें पाण्यांत विष घालूं नये म्हणून झांकून बांधलेली तीन मजली अंधारबाव आहे. अंबारखान्याच्या गंगा, यमुना व सरस्वती ह्या तीन कोठ्यांपैकीं एकट्या गंगा कोठींत २५,००० खंडी धान्य मावत असे, असें सांगतात. अशी तरतूद होती म्हणूनच इ. स. १६६० त सिद्दी जौहराचा वेढा महिनोगणती सोसतां आला.

तिसरी गोष्ट मात्र बदलत गेली. इ. स. १७१० त महाराणी ताराबाईंनीं येथें राजधानी केली. जेथें राजधानी, तेथें कारकून, शिपाई, कारागीर व वाणी हे आलेच. कवि मोरोपंतांचा जन्म इ. स. १७२९ मध्यें येथेंच झाला. पुढें ते बारामतीस राहिले. इ. स. १७८२ त राजधानी कोल्हापुरास गेली आणि तिच्यामागून राज्याचे व्यवहारहि खालीं उतरले. गड राखण्याबद्दल पिढीजाद जमिनी खाणारे गडकरी उरले होते, इ. स. १८४४ त त्यांनीं बंड केलें. इंग्रज फौजेनें तट फोडला, चार दरवाजा पाडला, आणि राखणदारीचें कामहि संपलें.

त्यानंतर तालुक्याच्या कचेऱ्या व थंड हवा हेंच गांवाचें भांडवल झालें. पाहुणे पुष्कळ येतात. पण पाहुणे म्हणजे वस्ती नव्हे. इ. स. २००१ च्या खानेसुमारींत पन्हाळ्याची लोकसंख्या ३,४५० होती. २०११ त ती ३,१२१ झाली, म्हणजे ३२९ माणसें घटलीं. त्याच दहा वर्षांत कोल्हापूर शहर सुमारें ४ लक्ष ९३ हजारांवरून ५ लक्ष ४९ हजारांवर गेलें.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे १२ किल्ले घेतले. त्यांत पन्हाळा आहे. ही अभिमानाची गोष्ट खरी. तथापि संरक्षित वास्तूपासून १०० मीटरांच्या आंत नवें बांधकाम करण्यास कायद्याची मनाई आहे. म्हणून ह्या सन्मानापायीं आपलीं घरें तर जाणार नाहींत ना, अशी धास्ती गडावरील रहिवाशांस वाटली. तट राखणें अवश्य आहे. पण ज्या गडावर संध्याकाळीं चूल पेटत नाहीं, तो गड राहतो, गांव राहत नाहीं. दोन्ही कसें साधावें, हा प्रश्न तुमच्या पिढीपुढें आहे.

विद्यार्थ्यांनो, आतां हाच धडा आपल्या गांवास लावून पहा. आजोबा-आजींस विचारा : आपलें घराणें येथें कोठून आलें, कोणत्या कामासाठीं आलें, आणि तें काम आज उरलें आहे काय? उत्तरें वहींत लिहून ठेवा. राजांच्या इतिहासास लागणारे कागद दप्तरांत सांपडतात. घरांच्या इतिहासाचे साक्षीदार मात्र घरींच बसलेले असतात.