भाकरीतील मॅग्नेशियम
(आरोग्यशिक्षण : वरच्या इयत्तांसाठी पाठ)

पाठाचा हेतू. आहाराचा पाठ घेताना शिक्षक लोह व कॅल्शियम यांचा उल्लेख आवर्जून करतात; मॅग्नेशियमचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते. वस्तुतः अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलांना हे खनिज घरच्या भाकरीतून पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे. पाथर्डी-पारनेरकडील बाजरी आणि जामखेड-कर्जतकडील रब्बी ज्वारी ही त्याची मोठी भांडारे होत. भाकरी हे गरिबाचे अन्न, अशी समजूत करून घेऊन ती डब्यात आणण्यास लाजणारी मुले वर्गात असतात. त्यांना भाकरीची खरी योग्यता कळावी, हा या पाठाचा हेतू आहे.

माहिती. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यापैकी निम्म्याहून अधिक हाडांत व उरलेले बहुतेक स्नायू आदी मऊ भागांत असते. रक्तात शेकडा 1 हूनही कमी आढळते. अन्नापासून शक्ती निर्माण करणे, प्रथिने घडविणे, आकुंचन पावलेला स्नायू पुन्हा सैल करणे आणि हृदयाची गती नियमित राखणे, या कामी ते लागते. शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही. अन्नपाण्यातूनच ते मिळवावे लागते. प्रौढास रोज साधारणपणे 300 ते 400 मिलिग्रॅम लागते. लहान मुलांस वयोमानानुसार कमी पुरते.

शंभर ग्रॅम बाजरीत किंवा ज्वारीत ते सुमारे 120 ते 130 मिलिग्रॅम असते. तितक्याच पांढऱ्या सडीक तांदळात अवघे 20 च्या आसपास. गव्हाच्या सबंध पिठात ते बाजरीइतके असते, परंतु मैद्यात त्याचा चौथा हिस्साच उरतो. याचे कारण उघड आहे. हे खनिज मुख्यतः दाण्याच्या कोंड्यात व अंकुरात साठलेले असते, आणि सडताना व चाळताना नेमका तोच भाग निघून जातो. म्हणून चहा व मैद्याची बिस्किटे यांवर सकाळ काढणाऱ्या मुलाची भूक भागते, पण पोषण होत नाही. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. यावरून हिरव्या पालेभाजीचे महत्त्व मुलांना पटवून द्यावे. भाजी शिजवून उरलेले पाणी फेकू नये. मटकी, हुलगा यांना मोड आणल्याने त्यांतील खनिजे शरीरास अधिक सुलभ होतात. शेंगदाणे व तीळ हेही चांगले पुरवठादार आहेत.

वर्गातील प्रयोग. एका बाटलीत साठविलेले पावसाचे पाणी व दुसरीत तितकेच विहिरीचे पाणी घ्यावे. दोहोंत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवावे. धुण्याची पावडर वापरू नये. पावसाच्या पाण्यास भरपूर फेस येईल. विहिरीचे पाणी जड असेल, तर त्यात फेसाऐवजी पांढरी साय दिसेल. काळ्या पाषाणातून झिरपताना पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे हे कार्य होय.

गणित. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम इष्ट मानतात. अशा 2 लिटर पाण्यातून किती मिळेल? उत्तर 60 मिलिग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅम बाजरीतून मिळते त्याच्या निम्मेच. पाण्यावर विसंबून भाकरी सोडता येणार नाही, हे मुले स्वतःच ताडतील.

शिक्षकांसाठी सूचना. निरोगी माणसात याची तीव्र उणीव सहसा होत नाही. दीर्घ अतिसार किंवा कुपोषण असता ती संभवते. भूक मंदावणे, थकवा, पेटके ही लक्षणे इतर अनेक विकारांतही दिसतात. म्हणून शिक्षकांनी निदान करू नये. मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. गोळ्या घेण्याचा सल्लाही देऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास त्या घातक ठरू शकतात.

गृहपाठ. मुलांनी आठवडाभर आपल्या जेवणातील धान्य, कडधान्य व भाजी यांची नोंद ठेवावी. नोंदी वाचताना कोणाच्याही घरच्या अन्नाची थट्टा होणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी.