वाऱ्याचे खोटे शून्य : वायुवेगमापकाच्या बेअरिंगचे ऊन-पावसापासून रक्षण

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने बेअरिंगविषयी लिहावे, याचे कारण फवारणीत आहे. आमच्या प्रक्षेत्रावरील स्वयंचलित हवामान केंद्र एका सकाळी वाऱ्याचा वेग शून्य दाखवीत होते. बांधावरच्या कडुलिंबाची पाने मात्र सळसळत होती. पाने सळसळतात तेव्हा वारा साधारणतः ताशी ६ ते ११ किमी असतो. वायुवेगमापक उतरवून त्याचे कप बोटाने फिरवले, तेव्हा आतून करकर ऐकू आली.

कपांवरील वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे जोराच्या वाऱ्यात बेअरिंगचे घर्षण झाकले जाते आणि मंद वाऱ्यात कप जागचे हलत नाहीत. फवारणी करावी की थांबावे, हा प्रश्न तर नेमका मंद वाऱ्यातच पडतो. शून्यावर विसंबून फवारणी केली, तर औषधाचे तुषार शेजारच्या पिकावर किंवा मधमाश्यांच्या पेट्यांवर जाऊ शकतात. शिवाय बाष्पोत्सर्जनाच्या गणितात २ मीटर उंचीवरील वारा धरतात. तो कमी नोंदला गेला की पिकाची पाण्याची गरजही कमी निघते.

पंपाच्या बेअरिंगला आपण रबरी सील लावतो आणि ग्रीस भरतो. येथे तो उपाय चालत नाही, कारण दांड्याला घासणारे रबर हेच घर्षण. म्हणून पाणी आकारानेच अडवावे लागते. कपांच्या मध्यभागाची कड छत्रीसारखी खाली उतरून बेअरिंगच्या घराची मान झाकते, पण तिला कोठेही टेकत नाही. मधली फट अरुंद आणि वळणाची ठेवली, की थेंब व धूळ वाटेतच अडतात. वंगण म्हणून उपकरणांसाठीचे पातळ तेल थेंबभर पुरते. गंजलेल्या नटावर मारावयाचा फवारा येथे मारू नये. तो असलेले तेल धुऊन नेतो.

आमची चूक निराळीच होती. गळती नको म्हणून आम्ही घराची सर्व छिद्रे सिलिकॉनने बुजवली होती. उन्हात तापलेल्या घरावर पावसाची सर आली की आतली हवा आकुंचन पावते आणि दांड्याभोवतीच्या फटीतून पाणी ओढून घेते. शिरलेल्या पाण्याला मग बाहेर पडायला वाट उरत नाही. तळाशी, खाली तोंड असलेले एक छिद्र मोकळे हवेच. मात्र उघडे छिद्र म्हणजे कुंभारीण माशीला आयते घर! ती ते मातीने लिंपून टाकते. त्यावर सुमारे १ मिमी छिद्रांची स्टेनलेस जाळी बसवावी. फार बारीक जाळीत पाण्याचा पडदा धरतो आणि छिद्र पुन्हा बंद होते. कोळ्यांची जाळी कप आणि खांब यांच्यामध्ये असतात. ती आठवड्याच्या फेरीत काढावीत. केबल आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तेथेच ठिबकते.

नवे बेअरिंग घरात बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर द्यावा. आतल्या कड्यावर दिल्यास तो गोळ्यांतून जाऊन त्यांच्या वाटेवर खड्डे पाडतो. बसवल्यावर पंखा बंद असलेल्या खोलीत कप हलकेच फिरवून ते किती सेकंदांत थांबतात ते मोजावे आणि तारखेसह नोंदवहीत लिहावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर हीच चाचणी तितक्याच जोराने फिरवून करावी. वेळ निम्म्यावर आली असेल, तर वरचे व खालचे अशी दोन्ही बेअरिंगे एकदमच बदलावीत. किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्यामुळे ही वेळ लवकर येते.