मोहावीच्या वाळवंटातला पाणीतंटा

जगाचा अंत होऊन गेल्यानंतरचे जीवन रंगवणारे संगणकीय खेळ पुष्कळ आहेत. परंतु धरण कुणाच्या ताब्यात असावे आणि त्याचे पाणी कुणाच्या रानात जावे, या प्रश्नाभोवती कथा उभी करणारा ‘फॉलआउट: न्यू वेगस’ बारामती-इंदापूरच्या खेळाडूला जितका चटकन उमगेल, तितका फार थोड्यांना उमगेल. ऑब्सिडियन या अमेरिकी कंपनीने घडवलेला हा खेळ ऑक्टोबर २०१० मध्ये आला. तो ‘ओपन वर्ल्ड’ आहे, म्हणजे आखून दिलेल्या टप्प्यांऐवजी एका विस्तीर्ण मुलखात खेळाडूने हवे तिकडे फिरावे अशी त्याची मांडणी आहे. आणि तो ‘रोल-प्लेइंग’ आहे, म्हणजे एका पात्राचे गुण व कौशल्ये ठरवून त्याच्या वतीने निर्णय घ्यायचे असतात. कथेत २०७७ साली अणुयुद्ध होते आणि २२८१ साली, कोलोराडो नदीवरच्या हूव्हर धरणावर न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक हे राज्य, सीझरचे गुलाम बाळगणारे सैन्य आणि वेगसचा मालक मिस्टर हाउस असे तिघे हक्क सांगतात.

धरण एका जिल्ह्यात, फुगवटा दुसऱ्या जिल्ह्यात आणि पाण्यावर दावा दोघांचा, ही स्थिती उजनी धरणाकाठच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. २०२१ साली उजनीचे ५ टीएमसी पाणी इंदापूरसाठी उचलण्याचा आदेश निघाला आणि सोलापूर जिल्ह्यातून विरोध होताच रद्द झाला, तेव्हा दोन्ही बाजूंचे शेतकरी आपापल्या जागी तहानलेलेच होते. खेळाचे सामर्थ्य नेमके ही दुहेरी तहान ओळखण्यात आहे, आणि ते धरणावरच्या लढाईपेक्षा एका आडबाजूच्या प्रकरणात अधिक ठळकपणे दिसते. वेगसलगत रिपब्लिकच्या सरकारी जमिनीवर वाट्याने शेती करणारी काही कुटुंबे आहेत. पिकाचा ठरलेला हिस्सा त्यांना सरकारला द्यावा लागतो, आणि इकडे पंपाचे पाणी पुरत नाही. चौकशी करणारा एक सैनिक नाहीसा होतो. माग काढत गेल्यावर कळते की पाणी गुपचूप वेस्टसाइड या गरीब वस्तीच्या सहकारी शेतीकडे वळवले जात आहे, आणि ते वळवणारा माणूस एका सेवाभावी संघटनेचा असून सैनिकाचा खूनही त्यानेच केला आहे. त्याला पकडून दिले तर एक वस्ती वाळते; खोटी हकिगत सांगून प्रकरण मिटवले तर खून पचतो आणि शेतकऱ्यांचे पीक तहानेले राहते. आवर्तन सुटूनही शेपटाला पाणी न पोहोचण्याचे दुःख ज्याने नीरा डाव्या कालव्यावर किंवा बारामतीच्या जिरायत भागात जवळून पाहिले आहे, त्याला हा निर्णय घेताना हात आखडल्याशिवाय राहणार नाही. नंतरच्या ‘फॉलआउट ४’ मध्ये अमुक वस्तीला मदत हवी, तमुक वस्तीला मदत हवी अशी ठरावीक कामे पुन्हा पुन्हा येतात. त्यांच्यापुढे हे एकच प्रकरण कितीतरी मोलाचे ठरते.

उणिवाही लहान नाहीत. एवढा मोठा निर्णय घेतल्यावरही शेतातले पीक होते तसेच उभे दिसते. हंगाम येत नाही, जात नाही, आणि बऱ्याच गोष्टींचा परिणाम अगदी शेवटच्या चित्रमालिकेत निवेदनातून सांगितला जातो. मुक्त म्हणवणारे जगही तितके मुक्त नाही. डोंगर चढू पाहणारा खेळाडू अदृश्य भिंतीला अडतो, आणि सुरुवातीच्या गुडस्प्रिंग्ज गावातून थेट उत्तरेला वेगसकडे निघालेल्या नवख्याला विषारी माश्या आणि डेथक्लॉ नावाचे अजस्र प्राणी पुढे जाऊ देत नाहीत. म्हणून दक्षिणेला प्रिम गावावरून जाणारा लांबचा रस्ता धरावा; लोक, पक्ष आणि त्यांची भांडणे याच वाटेवर रीतसर ओळखीची होतात. वाटेत सापडलेला एखाद्या पक्षाचा गणवेश मात्र विचार न करता अंगावर चढवू नये, कारण विरोधी पक्षाचे लोक तो पाहताच गोळ्या झाडतात.

सर्वांत मनस्ताप होतो तो खेळ मध्येच बंद पडण्याचा. मूळ स्वरूपातला प्रोग्राम संगणकात कितीही मेमरी असली तरी सुमारे २ जीबीपलीकडे वापरू शकत नाही, त्यामुळे मर्यादा ४ जीबीपर्यंत नेणारी, खेळाडूंनीच तयार केलेली दुरुस्ती आधी बसवून घ्यावी. आपोआप होणाऱ्या नोंदीवर, म्हणजे ‘ऑटोसेव्ह’वर, विसंबू नये, ती खराब झाली की संध्याकाळभराचा खेळ जातो, आणि गावाकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसताना तर दर मोठ्या प्रसंगाआधी वेगळी नोंद करणे केव्हाही बरे. उलट, हा खेळ जुना असल्यामुळे वसतिगृहातल्या साध्या लॅपटॉपवरही चालतो, ही गोष्ट बारामतीत शिकायला आलेल्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

‘हार्डकोर’ हा प्रकार, ज्यात तहान, भूक आणि झोप यांचा हिशेब ठेवावा लागतो, तो कठीण असला तरी जरूर निवडावा, कारण पाण्यावरच्या या कथेत पात्राला तहानच लागत नसेल तर कथेचा अर्धा अर्थ हरवतो. उघड्यावरचे पाणी काही ठिकाणी किरणोत्सारी असते. गुडस्प्रिंग्जजवळचा झरा मात्र स्वच्छ आहे, तेव्हा निघण्यापूर्वी तेथे पोटभर पाणी पिऊन घ्यावे. संवाद इंग्रजीत, लांबलचक आणि वेगवेगळ्या उच्चारांचे आहेत, म्हणून पडद्यावरची अक्षरे सुरू ठेवून सावकाश वाचावेत. घाईने पुढे ढकललेल्या वाक्यात पुष्कळदा तिसरा मार्ग दडलेला असतो. हूव्हर धरणावरची अखेरची लढाई संपली की खेळही संपतो आणि त्यानंतर मोहावीत फिरता येत नाही, त्यामुळे वेस्टसाइडचे प्रकरण आणि नंतर स्वतंत्रपणे आलेल्या चार जोडकथा त्या लढाईच्या आधीच खेळून घ्याव्यात.